नासुचा चाउसु-दाके आणि शिकानोयु: जागृत ज्वालामुखीवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

टोक्योहून उत्तरेकडे शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने सुमारे सव्वा तासाच्या अंतरावर, तोचिगी प्रांतात, नासु नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. निक्को राष्ट्रीय उद्यानात मोडणाऱ्या या भागात चाउसु-दाके हा १,९१५ मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी उभा असून त्याच्या उतारावर नासु युमोतो हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे जुने गाव वसले आहे. शिकानोयु हे या गावातलेच जुने स्नानगृह. जपानमध्ये पर्यटनासाठी येणारे किंवा नोकरीनिमित्त टोक्योत राहणारे मराठी ट्रेकर पहिला ज्वालामुखी म्हणून बहुधा फुजीचेच नाव घेतात. माझे मत वेगळे आहे. फुजी ३,७७६ मीटर उंच आहे, त्याचा अधिकृत हंगाम जुलै ते सप्टेंबरचा आरंभ एवढाच असतो आणि विरळ हवेचा त्रास तेथे धडधाकट माणसालाही होतो. चाउसु-दाकेची चढाई अर्ध्या दिवसात आटोपते, धुमसणारी विवरे अगदी जवळून पाहता येतात, आणि नवख्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पुढे जावे की मागे फिरावे याचा निर्णय घेण्याची जागा वाटेत लवकर आणि स्पष्टपणे येते. टोक्योतील निशी-कासाईसारख्या भारतीय वस्तीच्या भागात राहणाऱ्या कुटुंबांना शनिवार-रविवारी सहज जमेल अशी ही दोन दिवसांची सहल आहे.

हा लेख सह्याद्रीत थोडेफार चाललेल्या, पण जागृत ज्वालामुखीवर कधीच न गेलेल्या वाचकांना समोर ठेवून लिहिला आहे.

डोंगर आणि पाणी यांचे नाते

सह्याद्रीचा कातळही लाव्हाचाच आहे, परंतु तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. चाउसु-दाकेचा आजचा माथा म्हणजे १४०८ ते १४१० या काळातील उद्रेकांत वर ढकलला गेलेला घट्ट लाव्हाचा घुमट आहे. १४१० च्या उद्रेकात १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. त्यानंतर १८८१ मध्ये वाफेचा मोठा स्फोट झाला आणि १९६३ मध्ये अगदी लहान उद्रेक झाला. तेव्हापासून डोंगर शांत असला तरी त्याच्या पश्चिम अंगाला वायू आणि वाफ अखंड बाहेर पडत असते.

पाऊस आणि बर्फाचे पाणी भेगांतून खोल मुरते, खालच्या उष्णतेने तापते, वर येणारे गंधकाचे वायू त्यात मिसळतात आणि ते पाणी आम्लधर्मी होऊन उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वज्रेश्वरी, तुरळ किंवा राजापूरजवळचे उन्हाळे येथील कुंडांमागे जागृत ज्वालामुखी नाही. तेथे पाणी जमिनीतील भेगांतून खोलवर जाऊन पृथ्वीच्या नेहमीच्या अंतर्गत उष्णतेने तापून परत येते. म्हणून कोकणातील कुंडांत आंघोळ केलेल्या माणसाला गंधकाचा वास ओळखीचा वाटला, तरी नासुचे पाणी कितीतरी अधिक तीव्र आहे, हे आधीच ध्यानात घ्यावे.

केव्हा जावे

डोंगरावर नेणारा रोपवे साधारणपणे मार्चच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत चालतो. परंतु या सगळ्या काळात नवख्याने जावे असे नाही. मार्च-एप्रिलमध्ये वरच्या वाटांवर बर्फ असतो. २७ मार्च २०१७ रोजी याच डोंगराच्या उतारावर, स्की केंद्राजवळ, हिमप्रपात होऊन गिर्यारोहणाचे प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी आणि शिक्षक मिळून आठ जणांचा मृत्यू झाला. तेव्हा मैदानात वसंत आला म्हणजे डोंगरावरही तो आला, असे मानू नये.

मेचा उत्तरार्ध आणि जूनचा पहिला आठवडा हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. युमोतोच्या वरच्या पठारावर अझेलियाची झुडपे फुललेली असतात, हवा थंड पण सुसह्य असते आणि दिवस मोठा असतो. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो, तर ऑगस्टमध्ये सकाळ निरभ्र असली तरी दुपारी ढग दाटून वीज कडाडण्याची शक्यता असते, म्हणून उन्हाळ्यात माथ्यावरून दुपारच्या आत उतरलेले बरे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पानांचे रंग पाहण्यासाठी मोठी गर्दी होते, रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात आणि बस वेळेवर पोहोचत नाही. शक्य असल्यास या दिवसांत शनिवार-रविवार टाळून यावे.

निघण्यापूर्वी करायची कामे

पहिले काम म्हणजे ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी पाहणे. जपानमध्ये १११ जागृत ज्वालामुखी मानले जातात आणि त्यांपैकी सुमारे पन्नासांवर, ज्यांत नासुही येतो, जपानची हवामान संस्था चोवीस तास लक्ष ठेवते. या संस्थेच्या संकेतस्थळावर इशारे पाच पातळ्यांत दिलेले असतात. पहिल्या पातळीचा अर्थ ज्वालामुखी जागृत आहे याचे भान ठेवावे असा, दुसऱ्या पातळीला विवराच्या आसपास प्रवेशबंदी होते, तिसऱ्या पातळीला डोंगरावरच जाता येत नाही आणि चौथी व पाचवी पातळी रहिवाशांच्या स्थलांतराशी संबंधित आहे. पातळी दुसरी किंवा त्याहून वरची असेल, तर चढाईचा बेत रद्द करून फक्त गावात राहावे.

मात्र पहिली पातळी म्हणजे सुरक्षिततेची हमी असे मुळीच समजू नये. २७ सप्टेंबर २०१४ रोजी ओंताके हा ज्वालामुखी पहिल्या पातळीवर असतानाच भर दुपारी, माथ्यावर माणसांची गर्दी असताना फुटला आणि मृत व बेपत्ता मिळून ६३ जणांचे प्राण गेले. म्हणून विवराच्या कडेला आवश्यक तेवढाच वेळ थांबावे, आणि हेल्मेट सोबत असेल तर ते पिशवीला लटकवून न ठेवता डोक्यावर घालावे.

दुसरे काम म्हणजे वाऱ्याचा अंदाज पाहणे. पाऊस पडणार की नाही हे सगळेच पाहतात. नासुत त्याहून महत्त्वाचा प्रश्न वाऱ्याचा असतो, कारण चाउसु-दाके आणि शेजारचा असाही-दाके यांच्यामधल्या खिंडीतून पश्चिमेचे वारे दाबले जाऊन वाहतात आणि गावात पान हलत नसतानाही वर उभे राहणे कठीण होऊ शकते. ताशी नव्हे, सेकंदाला किती मीटर, या मापात येथे वाऱ्याचा वेग सांगितला जातो. सेकंदाला १५ मीटरच्या पुढे वाऱ्याविरुद्ध चालणे अवघड होऊन माणसे पडू लागतात आणि २० मीटरच्या पुढे कशाचा तरी आधार घेतल्याशिवाय उभे राहता येत नाही. शिवाय वाऱ्याचा वेग सेकंदाला एक मीटरने वाढला, की अंगाला जाणवणारे तापमान साधारण एक अंशाने उतरते, असा जपानी गिर्यारोहकांचा ठोकताळा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये असाही-दाकेच्या परिसरात जोरदार थंड वाऱ्यात सापडून चार जणांचा मृत्यू झाला. तेव्हा अजून हिवाळा सुरूही झाला नव्हता.

तिसरे काम म्हणजे चढाईची नोंद करणे. नाव, संपर्क, वाट आणि परतण्याची वेळ यांची नोंद ऑनलाइन करता येते. यामापसारख्या ॲपवर नकाशा आधीच उतरवून घेतला तर मोबाइलला नेटवर्क नसतानाही आपले स्थान कळते. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. भारतातून येणाऱ्यांनी प्रवास विमा घेताना त्यात डोंगरावरील पदभ्रमंती आणि बचावकार्याचा खर्च धरला आहे का, हे विचारून घ्यावे, कारण पुष्कळदा तो धरलेला नसतो.

सामानाची यादी मोठी नाही, पण त्यात तडजोड करू नये. वारा अडवणारे जॅकेट सर्वांत आवश्यक, मग मे महिना असो वा ऑगस्ट. आत सुती कपड्यांऐवजी लवकर सुकणारे कपडे, एक उबदार थर, हातमोजे, कानावर बसणारी किंवा हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, तळव्याला पकड असलेले घोट्यापर्यंतचे बूट, दीड लिटर पाणी, डोक्याला बांधायचा दिवा आणि शिट्टी एवढे पुरते. या जंगलात अस्वले आहेत, म्हणून जपानी ट्रेकर पिशवीला छोटी घंटा बांधतात, आपणही बांधावी.

तेथे कसे पोहोचावे

टोक्यो, उएनो किंवा ओमिया स्थानकावरून तोहोकु शिंकान्सेन पकडावी आणि नासुशिओबारा येथे उतरावे. नासुनो नावाच्या गाड्या येथे थांबतात, यामाबिकोपैकी काहीच थांबतात आणि हायाबुसा थांबत नाही, त्यामुळे समोर दिसली त्या गाडीत चढू नये. तिकीट सुमारे सहा हजार येनांचे आहे. पैसे वाचवायचे असतील तर साध्या गाडीने, बदल करत, कुरोइसोपर्यंत जाता येते. वेळ मात्र दुपटीहून अधिक लागतो.

नासुशिओबारा स्थानकाच्या पश्चिम दारातून नासु रोपवेकडे जाणारी बस सुटते, ती कुरोइसो स्थानक आणि नासु युमोतो गावातूनच जाते. बसमध्ये चढताना दाराजवळच्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी, चालकाच्या वरच्या फलकावर त्या क्रमांकाखाली दिसणारे भाडे उतरताना भरावे, आणि त्यासाठी हजार येनाच्या नोटा व नाणी जवळ ठेवावीत, कारण मोठ्या नोटांचे सुटे बसमध्ये मिळत नाहीत. बसच्या फेऱ्या दिवसाकाठी मोजक्याच असतात. थांब्यावर उतरताक्षणी परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवावा.

मुक्काम आणि जेवण

युमोतोतील पारंपरिक निवासांचे, म्हणजे र्योकानांचे, दर खोलीवर नसून माणशी असतात आणि त्यांत बहुधा रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. त्याशिवाय झऱ्याच्या पाण्याचा कर म्हणून साधारण दीडशे येन माणशी वेगळे द्यावे लागतात. खोली दुपारी तीनच्या सुमारास मिळते आणि जेवणाची वेळ ठरलेली असते, तेव्हा उशिरा पोहोचून जेवणाची अपेक्षा करू नये. खोलीत ठेवलेला युकाता, म्हणजे सुती झगा, घालताना डावी बाजू उजव्या बाजूवर यावी. उलट पद्धत मृतदेहासाठी वापरली जाते, त्यामुळे तसे घातलेले पाहून यजमानांना अवघडल्यासारखे होते.

शाकाहारी वाचकांनी येथे थोडे सावध राहावे. मांस किंवा मासळीचा तुकडा दिसत नसला तरी आमटीसारखे सूप, भाजीचा रस आणि सोबा नावाच्या शेवयांचा रस्सा यांत सुकवलेल्या माशाचा अर्क बहुतेक वेळा असतोच. आरक्षण करतानाच, किमान आठवडाभर आधी, मासे, मांस आणि माशाचा अर्क चालत नाही, असे जपानी भाषेत लिहून कळवावे आणि लेखी होकार मिळाल्यावरच जेवणासह खोली घ्यावी. होकार न मिळाल्यास फक्त खोली घेऊन स्वतःच्या शिदोरीवर राहणे अधिक शहाणपणाचे. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू दोन दिवस उत्तम टिकतात आणि डोंगरावरही कामाला येतात.

पहिला दिवस: गाव आणि शिकानोयु

दुपारी पोहोचल्यावर सामान ठेवून प्रथम सेश्शोसेकी या शिळेकडे जावे. गंधकाने पांढुरक्या-पिवळ्या झालेल्या उघड्या ओढ्यातून लाकडी फळ्यांची वाट तेथे जाते आणि वाटेत हात जोडलेल्या जिझो या बौद्ध देवतेच्या शेकडो लहान मूर्ती आहेत. नऊ शेपट्यांची कोल्हीण सुंदर स्त्रीचे रूप घेऊन राजदरबारांचा नाश करत फिरली आणि अखेर येथे शिळा होऊन पडली, अशी आख्यायिका आहे. आपल्याला विशेष वाटावे असे की, त्या कथेच्या प्रचलित रूपात ही कोल्हीण जपानमध्ये येण्यापूर्वी चीनमध्ये आणि भारतातही राणी होऊन राहिली होती, आणि भारतातील तिचा पती म्हणजे आपल्या पुराणांतला कल्माषपाद. शिळेजवळ जाणारे प्राणी मरतात या समजुतीमागे जमिनीतून निघणारे विषारी वायू आहेत. मार्च २०२२ मध्ये ही शिळा दुभंगलेली आढळली. वायूचे प्रमाण वाढले की कुंपण बंद केले जाते; ते ओलांडून फोटो काढायला जाऊ नये.

शिळेपासून जवळच शिकानोयु आहे. जखमी हरिणाचा माग काढत गेलेल्या शिकाऱ्याला ते हरीण या पाण्यात अंग शेकताना दिसले, अशी त्याची कथा असून हा झरा इसवी सन ६३० च्या सुमारास सापडला असे परंपरा सांगते. येथे मुक्कामाची सोय नाही, केवळ स्नान करता येते, आणि जुन्या लाकडी इमारतीतून ओढा ओलांडून स्नानगृहात जावे लागते.

ज्यांनी जपानी स्नानगृह कधी पाहिलेले नाही, त्यांच्या मनात पहिला प्रश्न नग्नतेचा असतो, आणि तो टाळून काही सांगणे योग्य होणार नाही. स्त्रिया आणि पुरुष यांची स्नानगृहे पूर्णपणे वेगळी असतात, आत कोणतेही वस्त्र घालून जाता येत नाही, आणि तेथे कोणी कोणाकडे पाहत नाही. हाताच्या रुंदीचा छोटा पंचा सोबत ठेवता येतो, परंतु तो पाण्यात बुडवायचा नाही. बरेच जण तो घडी करून डोक्यावर ठेवतात. लांब केस वर बांधावेत. ज्यांना हे अजिबात जमणार नाही, त्यांनी तासाच्या दराने कुटुंबापुरते स्नानगृह देणारे निवास निवडावे किंवा गावातील मोफत पाय शेकण्याच्या कुंडावर समाधान मानावे. त्यात कमीपणा काही नाही. अंगावर गोंदण असेल तर प्रवेशाविषयी आधी विचारून घ्यावे, कारण प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा आहे.

शिकानोयुतील पाणी दुधाळ, गंधकयुक्त आणि तीव्र आम्लधर्मी आहे. येथे साबण आणि शाम्पू वापरण्यास मनाई आहे, तेव्हा अंग साबणाने धुऊन घ्यायचे असेल तर ते निवासावरच उरकून यावे. त्या दिवशी दाढी केलेली असेल किंवा कोठे खरचटले असेल तर पाणी झोंबते. डोळ्यांत एक थेंबही जाऊ देऊ नये. आत जाण्यापूर्वी चांदीचे सगळे दागिने काढून ठेवावेत. जोडवी, पैंजण, चांदीची अंगठी या पाण्यात आणि नुसत्या वाफेतही काही मिनिटांत काळी पडतात, आणि सोन्याचे मंगळसूत्रही उतरवून ठेवलेलेच बरे, कारण सोन्यात मिसळलेल्या धातूंवर परिणाम होऊ शकतो.

पुरुषांच्या बाजूला लाकडाची सहा चौकोनी कुंडे ओळीने आहेत आणि त्यांचे तापमान अनुक्रमे ४१, ४२, ४३, ४४, ४६ आणि ४८ अंश सेल्सिअस असे ठेवलेले असते. स्त्रियांच्या बाजूलाही अशीच चढत्या तापमानाची रचना आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी पंचाने डोके झाकून, खाली वाकून, मानेच्या मागच्या बाजूवर लाकडी भांड्याने गरम पाणी पुन्हा पुन्हा ओतून घेण्याची येथली जुनी पद्धत आहे. नियमाने येणारे ज्येष्ठ लोक शेकडो वेळा ओततात. हेतू असा की, रक्तवाहिन्या आधी सैल व्हाव्यात आणि गरम पाण्यात शिरल्यावर घेरी येऊ नये. नवख्याने काही मिनिटे तरी शांतपणे ओतावे, मग ४१ अंशांच्या कुंडात आधी कमरेपर्यंत, नंतर छातीपर्यंत आणि शेवटी गळ्यापर्यंत उतरावे, दोन-तीन मिनिटांत बाहेर यावे, कडेला बसून श्वास शांत होऊ द्यावा आणि मग पुन्हा जावे. ४८ अंशांच्या कुंडात बसलेली माणसे डोळे मिटून पुतळ्यासारखी निश्चल असतात, कारण पाणी हलले की अंगाभोवतीचा किंचित निवलेला थर निघून जातो आणि चटका बसतो. त्यांच्या शेजारी धपकन उतरून पाणी ढवळणे हा मोठा असभ्यपणा मानला जातो. पहिल्या भेटीत ४४ अंशांपलीकडे जाण्याचे कारण नाही. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या पाण्यात उतरू नये. मद्य घेऊन तर कोणीच उतरू नये.

स्नानानंतर अर्धा तास बसून भरपूर पाणी प्यावे, लवकर जेवावे आणि लवकर झोपावे.

दुसरा दिवस: चढाई

बहुतेक पर्यटक रोपवेने वर जातात, माथा गाठतात आणि खिंडीतून पायी उतरतात. मी नवख्यांना याच्या उलट जायला सांगेन. पायी वर जाणाऱ्याला खिंड चढाईच्या पहिल्या टप्प्याच्या शेवटीच लागते, वाऱ्याचा खरा जोर तेथे अंगावर घेऊन पाहता येतो, आणि मागे फिरायचे ठरले तर ओळखीच्या, सोप्या वाटेने तासाभरात खाली येता येते. रोपवेने गेलेला माणूस मात्र माथा पार करून, दमलेल्या पायांनी, त्याच खिंडीत उतरतो आणि वारा तेथे सोसाट्याचा असेल तर त्याच्यापुढे चांगला पर्याय उरत नाही. आणखी एक नियम मनाशी पक्का करावा: वाऱ्यामुळे रोपवे बंद आहे असे सकाळी कळले, तर त्या दिवशी डोंगरही आपल्यासाठी बंद आहे.

पहिल्या बसने रोपवेच्या खालच्या स्थानकावर उतरावे, स्वच्छतागृहाचा वापर येथेच करून घ्यावा आणि पाणीही भरून घ्यावे, कारण पुढच्या वाटेत पाणी मिळणार नाही. तेथून रस्त्याच्या कडेने किंवा पायवाटेने सुमारे २० मिनिटांत तोगे-नो-चाया येथील वाहनतळ येतो. त्याच्या वरच्या टोकाला चढाईची सुरुवात असून थोड्याच अंतरावर दगडी तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान, आणि तिच्या दोन्ही बाजूंना रक्षक सिंहांच्या मूर्ती आहेत. आरंभीची वाट झुडपांतून पायऱ्यापायऱ्यांनी जाते, मग झाडी एकदम संपते आणि उजवीकडे दरीपलीकडे असाही-दाकेचे तांबूस, दातेरी कडे उघडे पडतात. येथून खिंडीपर्यंतची आडवी वाट चढाला सौम्य, पण पूर्णपणे उघडी आहे. जॅकेट आणि हातमोजे येथेच घालावेत. खिंडीत पोहोचल्यावर पिशवी उघडली तर वारा कपडा हातातून हिसकावून नेतो.

वाहनतळापासून तास-पाऊण तासात मिने-नो-चाया ही खिंड येते. पूर्वी येथे चहाचे दुकान होते आणि डोंगरावर गंधकाची खाणही चालत असे. आता तेथे आसऱ्यासाठी एक लाकडी खोपटे आहे, ज्यात माणूस नसतो, पाणी नसते आणि स्वच्छतागृहही नसते. खोपट्याच्या आडोशाला उभे राहून वाऱ्याचा अंदाज घेऊ नये. दहा पावले पुढे, खिंडीच्या मधोमध, सरळ उभे राहून पाहावे. शरीर तोलण्यासाठी पाय फाकवावे लागत असतील, सोबतच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसेल किंवा मुले हात सोडून उभी राहू शकत नसतील, तर चढाई येथेच संपली असे समजून परतावे. धुके दाटून पुढची खूण दिसत नसेल तरीही तसेच करावे.

वारा बेताचा असल्यास डावीकडे चाउसु-दाकेच्या अंगावर चढणारी वाट धरावी. येथे सह्याद्रीत रुळलेल्या पायांनी सवय थोडी बदलावी. आपल्याकडचा कातळ पावसाळ्यात निसरडा होतो, पण हाताला धरलेला दगड सहसा निघून येत नाही. येथे मोठमोठे दगड एकमेकांवर नुसते टेकलेले असतात आणि त्यांच्या मधला भाग म्हणजे निव्वळ घसारा. आधार घेण्यापूर्वी दगड हलवून पाहावा, आपल्या खाली कोणी आहे का हे बघावे, आणि दगड सुटलाच तर मोठ्याने ओरडून सावध करावे. खडकांवर रंगाने काढलेले बाण आणि ठिपके वाट दाखवतात, तर फुली असेल तेथे वाट नाही.

चढताना डोंगराच्या पश्चिम अंगातून वाफ फुसफुसताना ऐकू येते. कुकरची शिट्टी होण्याआधी येतो तसला तो अखंड आवाज असतो आणि छिद्रांच्या कडेला गंधकाचे लिंबासारखे पिवळे, नाजूक स्फटिक साचलेले दिसतात. ही विवरे जवळून पाहायची असतील तर खिंडीतून माथ्याकडे न वळता उशिगाकुबी या दुसऱ्या खिंडीकडे जाणारी जवळजवळ सपाट वाट घ्यावी. ती मुगेन-जिगोकु या विवरांच्या पट्ट्याखालूनच जाते. तेथे थांबताना हे लक्षात ठेवावे की, हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो, आणि त्याचे प्रमाण वाढल्यावर नाकाला वास येणेच बंद होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असा अर्थ कधीही काढू नये. खळग्यात बसून डबा खाऊ नये, जमिनीवर झोपू नये, आणि दम्याचा त्रास असलेल्यांनी या बाजूला जाऊच नये.

खिंडीपासून सुमारे ४० मिनिटांत विवराची कड आणि मग लहान दगडी देवस्थान असलेला माथा येतो. विवराची फेरी १५ ते २० मिनिटांची आहे. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला नासुचे पठार खालपर्यंत पसरलेले दिसते आणि उत्तरेला सानबोनयारी-दाके दिसतो. तो या डोंगररांगेतील सर्वांत उंच, चाउसु-दाकेपेक्षा केवळ दोन मीटरने वरचढ.

उतरताना रोपवेच्या वरच्या स्थानकाची, १,६८४ मीटर उंचीवरील, वाट घ्यावी. अर्ध्या तासाची ही उतरण वर खडकाळ आणि खाली बारीक खडीची आहे, आणि दिवसातले सर्वाधिक लोक येथेच घसरून बसतात. टाच रोवून, गुडघे किंचित वाकवून, लहान पावले टाकावीत. शेवटच्या रोपवेची वेळ सकाळीच पाहून ठेवावी. रोपवे चार मिनिटांत खाली पोहोचवतो. वाटेतल्या विश्रांतीसह सगळी फेरी साडेतीन ते चार तासांची होते.

उतरल्यावर लगेच गरम पाण्यात शिरण्याची ओढ प्रत्येकाला असते. तरीही आधी काही खावे, पाणी प्यावे, तासभर जाऊ द्यावा आणि मग सौम्य कुंड निवडावे, कारण चढाईत घाम जाऊन शरीर आधीच कोरडे पडलेले असते. परतीच्या बसमध्ये आणि शिंकान्सेनमध्ये अंगाला गंधकाचा वास येत राहतो, म्हणून स्नानाचा पंचा आणि आतले कपडे घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवावेत आणि घरी ते इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत.

पुढच्या वेळी

या फेरीत खिंड आणि घसारा यांचा सराव झाला असेल, तर पुढच्या भेटीत खिंडीच्या उत्तरेला असलेला १,८९६ मीटरचा असाही-दाके करता येतो. त्या वाटेवर साखळ्या धरून जाण्याचे अरुंद टप्पे आहेत आणि तेथे वाऱ्याचा नियम अधिकच कडक पाळावा लागतो. दुसरा पर्याय म्हणजे खिंड ओलांडून पलीकडच्या जंगलात असलेले सानदोगोया ओन्सेन हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे ठिकाण. तेथे रस्ता जात नाही, वाहनतळापासून सुमारे दोन तास चालूनच पोहोचता येते, दोन जुनी निवासस्थाने आहेत आणि हिवाळ्यात ती बंद असतात. आरक्षण आधी करावे, पैसे रोख न्यावेत, आणि दुपारी तीनच्या आत पोहोचता येईल अशा बेताने खिंड ओलांडावी.